लवूळचीं वानरें आणि कुत्र्यांचीं पिल्लें

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांतील लवूळ या गांवाचें नांव डिसेंबर २०२१ पूर्वीं दूरच्या लोकांनीं क्वचितच ऐकलें असेल. त्या महिन्यांत मात्र तें चार दिवसांत साता समुद्रांपलीकडे पोंचलें. वार्ता अशी होती कीं, कुत्र्यांनीं वानराचें एक पिल्लूं मारलें; त्याचा सूड म्हणून वानरांनीं गांवांतील कुत्र्यांचीं पिल्लें उचलून गच्च्यांवर व झाडांवर नेलीं, आणि तेथून खालीं टाकून सुमारें २५० पिल्लांचा जीव घेतला.

आंतरजालावर ही गोष्ट हातोहात फिरली. दूर बसलेल्यांस ती मौजेची वाटली. लवूळच्या लोकांस मात्र तींत मौज नव्हती. पिल्लें सोडविण्यास उंचावर चढलेले कांहीं लोक पडून जखमी झाल्याचें वृत्त होतें, आणि मुलाबाळांविषयीं गांवांत धास्ती पसरली होती. अखेर नागपुराहून वनखात्याचें पथक आलें. त्यानें दोन वानरें पकडलीं, व तीं नागपूरजवळच्या जंगलांत सोडण्यासाठीं नेण्यांत आलीं. पिल्लें मेलीं व वानरें पकडलीं गेलीं, एवढें खरें. मधला मजकूर तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम आंकडा घ्यावा. कुत्री एका वेतांत साधारणपणें चार ते सहा पिल्लें देते. सरासरी पांच धरली तर २५० पिल्लांसाठीं पन्नास कुत्र्या व्याल्या पाहिजेत. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा. त्यामुळें एकच कुत्री त्याच हंगामांत पुन्हां विणें शक्य नाहीं. शिवाय वाटेवरच्या पिल्लांपैकीं बरींच रोगानें, उपासमारीनें किंवा वाहनाखालीं सांपडून एरव्हींही मरतात. एका गांवांत एका हंगामांत पन्नास वेतें, आणि त्यांतलें प्रत्येक पिल्लूं वानरांच्याच हातून मेलेलें, हा हिशेब जुळविणें कठीण आहे. हा ताळा घरांतील शाळकरी मुलासही करतां येईल. परंतु वार्ता पुढें पाठविणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तो केला असेल?

आतां सुडाची गोष्ट. परदेशी वृत्तांत या प्राण्यास सरसकट एकच नांव मिळालें. मराठींत मात्र माकड वेगळें आणि वानर वेगळें. तांबूस तोंडाचें, आंखूड अंगाचें तें माकड. काळ्या तोंडाचें, करड्या अंगाचें आणि लांब शेपटीचें तें वानर. वानराचें मुख्य अन्न पाला, फुलें, फळें व शेंगा हें आहे. तेव्हां खाण्यासाठीं त्यानें पिल्लूं नेलें असेल हा तर्क पहिल्यानेंच बाद होतो.

मग तें पिल्लूं उचलतें कशास? याचा उलगडा वानरांच्या गृहस्थाश्रमांत सांपडण्याचा संभव आहे. वानराचें नवजात पिल्लूं काळसर रंगाचें असतें, आणि तें कळपांतील इतर माद्यांस विलक्षण आकर्षून घेतें. जन्मल्यानंतर थोड्याच काळांत तें एकीच्या हातून दुसरीच्या हातांत जाऊं लागतें. सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकन विदुषीनें अबूच्या पहाडावरील वानरांचा अभ्यास करून १९७७ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत या देवघेवीचा विचार आहे. अननुभवी तरुण मादी पिल्लूं वेडेंवांकडें धरते, ओढते, कधीं टाकूनही देते. तें ओरडूं लागलें कीं आई धांवत येऊन तें परत घेते. शिवाय एकमेकांच्या अंगावरील केस विंचरून किडे व कोंडा वेंचणें हा वानरांचा नित्याचा उद्योग. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या अंगावर पिसवा व गोचिडी यांस तोटा नसतो.

असेंच एखादें वानर कुत्र्याचें पिल्लूं घेऊन गच्चीवर गेलें, तर पुढें काय होईल? वानराचें पोर मुठीनें केस घट्ट पकडून आईच्या पोटाशीं लोंबकळतें. कुत्र्याच्या पिल्लास मूठच नाहीं. फांदीवर ठेवलें कीं तें घसरतें. गच्चीवर सोडलें तर कठड्याकडे रांगत जातें. त्यास दर थोड्या वेळानें दूध हवें असतें, आणि वर दूध नाहीं. वानराची आई झाडावर चढून आपलें पोर सोडवून आणते. कुत्री खालीं उभी राहून भुंकण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहीं. पिल्लाच्या मृत्यूस वानराच्या मनांत वैर असण्याची गरज नाहीं. परक्या जातीचें पोर आपल्या रीतीनें हाताळलें एवढें कारण पुरेसें होतें.

लवूळमधील प्रत्येक प्रकार असाच घडला असें म्हणतां येणार नाहीं. कुत्रीं व वानरें यांचें हाडवैर जुनेंच आहे, आणि हुसकावल्यावर वानर अंगावरही येतें. तरीपण सूड म्हणजे कोणी, कोणाचें, केव्हां मारलें हें मनांत धरून, योजना आंखून केलेली फेड. तशी फेड झाली हें ठरविण्यास पिल्लूं वर नेलेलें दिसणें हा पुरावा पुरत नाहीं.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाहीं. वैरी म्हटलें कीं गांव काठ्या घेऊन उठतें. जखमा होतात त्या माणसांनाच. कारण ओळखलें तर उपाय घरचेच आहेत. पावसाळा संपल्यापासून हिंवाळ्यापर्यंत आपल्याकडे कुत्र्या अधिक वितात. त्या दिवसांत व्यालेल्या कुत्रीस गोठ्याचा किंवा ओसरीचा बंद कोपरा द्यावा, वानरांस हातानें खाऊं घालण्याची संवय मोडावी, गच्चीवर पिल्लूं दिसल्यास एकट्यानें मागें धांवूं नये, आणि वनखात्यास कळवावें. नवलाची वार्ता हातीं आली कीं ती दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं असाच थोडा हिशेब करून पाहावा. लवूळच्या वार्तेंतून सूड वजा केला तरी काळ्या पोराच्या ओढीनें हात पुढें करणारी वानरी उरतेच, आणि तिच्याविषयीं मुलांस सांगण्यासारखें पुष्कळ आहे.