नवा तुडतुडा नेमका सापडतो कुठे?

‘कीटकाच्या नव्या प्रजातीचा शोध’ अशी बातमी वाचली की घनदाट जंगल, हातात जाळी घेतलेला संशोधक आणि त्याच क्षणी लागलेला शोध डोळ्यांसमोर येतो. तुडतुड्यांच्या बाबतीत तसं क्वचितच घडतं. कीटक पकडला जातो जंगलात, बांधावर किंवा माडाच्या झावळीवर. पण तो नवा आहे हे ठरतं सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तेही बहुधा पुष्कळ उशिरा. नमुना गोळा झाल्यापासून त्याचं वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असा हिशेब 2012 मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी मांडला होता. तो सगळ्या सजीवांचा मिळून होता. मधल्या काळात नमुना संग्रहालयाच्या कपाटात टाचणीला टोचलेला असतो, खाली चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख, आणि त्याला ओळखणारं माणूस येण्याची वाट.

मुळात तुडतुडा हा एकच कीटक नाही. कपाशीवरचे हिरवे तुडतुडे आणि भातावरचे तपकिरी तुडतुडे आपण एकाच नावाने ओळखतो, फवारणीच्या सल्ल्यातही दोन्ही शेजारीशेजारी येतात. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या गटांतले आहेत. भिंगातून पाहिलं की फरक लगेच कळतो: तपकिरी तुडतुड्याच्या मिशा डोळ्यांच्या खालून निघतात, हिरव्याच्या दोन डोळ्यांच्या मधून. तपकिरी तुडतुडा ज्या कुळातला आहे, त्यातल्या कीटकांच्या मागच्या पायावर हलणारा एक मोठा काटाही असतो. या दुसऱ्या गटाच्या, म्हणजे भातावरच्या तुडतुड्याच्या भाऊबंदांच्या, जगभरात 12 हजारांहून अधिक प्रजातींचं वर्णन झालेलं आहे. उसावरची पायरिला याच गटातली. इथे पुढे जे म्हणायचं आहे तेही याच गटाबद्दल.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे नवी प्रजाती दिसायला वेगळी असणार. रंग, ठिपके, आकार यांवर तुडतुड्यांची ओळख सांगणं धोक्याचं आहे. भातावरच्या तपकिरी तुडतुड्याचंच पाहा. एकाच चुडावर लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रौढ मिळतात. लांब पंखांचे उडून दूर जातात, आखूड पंखांचे तिथेच राहून भराभर वाढतात. दोघांची प्रजाती एकच. पिल्लू असताना मिळालेलं अन्न आणि झालेली गर्दी यांवर कोणते पंख येणार हे ठरतं. ज्याला हे माहीत नाही, तो एकाच किड्याच्या दोन प्रजाती करून बसेल, आणि कीटकशास्त्राच्या इतिहासात असं झालेलंही आहे. उलटही घडतं. शेजारी ठेवले तर कुणालाही सारखेच वाटतील असे दोन नर दोन वेगळ्या प्रजातींचे निघतात.

मग फरक शोधायचा कुठे? बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियात. तीन-चार मिलिमीटरच्या कीटकाच्या पोटाचा मागचा भाग अलगद वेगळा करतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ स्नायू विरघळतात, कठीण भाग उरतात. ते ग्लिसरिनमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत प्रत्येक काटा, प्रत्येक वळण वेगवेगळ्या बाजूंनी रेखाटलं जातं. छायाचित्रांच्या आजच्या काळातही या रेषाचित्रांना पर्याय नाही असं मला ठामपणे वाटतं, कारण आपण काय पाहिलं हे रेष ओढणाऱ्याला ठरवावंच लागतं. वेगळा केलेला तो भाग बारीक कुपीत घालून त्याच टाचणीला लावून ठेवतात, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो पुन्हा पाहता यावा. अनेक प्रजातींत नुसत्या मादीवरून नाव सांगता येत नाही. हाती फक्त माद्या असतील तर नवी प्रजाती समोर असूनही थांबावं लागतं.

‘आता डीएनए आहे, मग एवढी खटपट कशाला?’ असंही विचारलं जातं. डीएनएची मदत मोठी आहे. विशेषतः पिल्लू आणि प्रौढ यांची जोडी लावायला तो फार उपयोगी पडतो, कारण तुडतुड्यांची कित्येक पिल्लं अंगावर मेणाचे पांढरे तंतू वागवतात आणि प्रौढाशी त्यांचं काहीच साम्य दिसत नाही. पण ज्याच्याशी ताडून पाहायचं ते जुने नमुने शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे असतात. आपल्याकडच्या अनेक तुडतुड्यांची वर्णनं डब्ल्यू. एल. डिस्टंट यांच्या 1906 च्या ग्रंथात आहेत, आणि तिथे अक्षरं आहेत ती शरीराच्या खुणांची. त्या वाचल्याशिवाय ‘हा नवा’ म्हणता येत नाही.

नावाबद्दलही बरेच गैरसमज आहेत. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांना आंतरराष्ट्रीय संहिता लागू होते आणि नावांची मोजणी 1758 पासून होते. एकाच प्रजातीला दोघांनी नावं दिली असतील तर सहसा आधीचं टिकतं. नव्या नावासोबत एक विशिष्ट नमुना जाहीर करावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. नाव कायमचं त्या एका कीटकाशी बांधलेलं राहतं. नाव अर्थाने खरं असण्याची मात्र अट नाही. दक्षिण अमेरिकेतला मोठ्या पोकळ डोक्याचा एक तुडतुडा रात्री उजेड देतो, असं मारिया सिबिला मेरियन यांनी 1705 मधल्या सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथात लिहिलं. लिनियसने 1758 मध्ये त्याला ‘लॅटर्नेरिया’ म्हणजे कंदीलवाला ठरवलं. तो कीटक उजेड देत नाही. नाव आजही तेच आहे.

नवी प्रजाती आणि नवा आढळ यांतही गल्लत होते. ठिपक्यांचा कंदीलकिडा 2014 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात दिसला आणि द्राक्षबागायतदारांची झोप उडाली. तिथे तो नवा होता. शास्त्राला तो 1845 पासून ठाऊक होता.

आणि वर्णन झालं म्हणजे ओळख पूर्ण झाली असंही नाही. युरोपातल्या बागांत सर्रास दिसणारा इसस कोलिओप्ट्रॅटस हा तुडतुडा अठराव्या शतकापासून नोंदलेला आहे. त्याच्या पिल्लाच्या मागच्या पायांच्या मुळाशी दातेरी चक्रं आहेत, ती एकमेकांत अडकतात आणि उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात, हे माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी 2013 मध्ये दाखवलं. शेवटची कात टाकली की ती चक्रं जातात.

‘एवढ्याशा किड्याला नाव देऊन काय मिळतं?’ या प्रश्नाचं उत्तर माडा-पोफळीच्या बागांत आहे. अमेरिका खंडात आणि कॅरिबियन बेटांवर माड पिवळे पडून मरतात, तो रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जिवामुळे होतो आणि हॅप्लॅक्सिअस क्रुडस हा तुडतुडा रस शोषताना तो पसरवतो. आपल्याकडे केरळ-कर्नाटकातल्या सुपारीच्या पिवळ्या पानांच्या रोगाशी प्रौटिस्टा मोएस्टा हा तुडतुडा जोडला गेला आहे. कोस्टा रिकात माडांवर तुडतुडे तपासताना हॅप्लॅक्सिअसचाच एक नवा भाऊबंद, हॅप्लॅक्सिअस डगवॉल्शी, हाती लागला. नवा म्हणून तो रोग पसरवतोच असं धरून चालत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. पण दोघांना एकच समजलं तर प्रयोगही चुकतात आणि उपायही. क्रुडसची पिल्लं माडावर नसतात, ती खाली गवताच्या मुळांशी वाढतात. त्यामुळे फ्लोरिडात बागेत कोणतं गवत ठेवायचं याचाही रोगाच्या संदर्भात विचार झाला. डगवॉल्शीची पिल्लं कुठे वाढतात, हा प्रश्न विचारता येतो तो त्याला वेगळं नाव मिळाल्यावरच.