माणूस पापी, हे म्हणाले कोण?

गैरसमज : माणसाविषयीचा तो कठोर निवाडा पौलाचा स्वतःचा.

इ.स. 57च्या सुमारास पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या तिसऱ्या अध्यायात कोणीच नीतिमान नाही असे सांगून तो माणसाचा एकेक अवयव झोडपत जातो : घसा, जीभ, ओठ, तोंड, पाय, डोळे. वाचणाऱ्याला वाटते, काय कडवट माणूस हा! पण यातले जवळपास प्रत्येक वाक्य जुने आहे आणि शास्त्रात असे लिहिले आहे, हे तो आधीच सांगून टाकतो. सुरुवात जुन्या करारातल्या 14व्या स्तोत्राची. उघड्या थडग्यासारखा घसा 5व्या स्तोत्रातला, ओठांआडचे सापाचे विष 140व्यातले, रक्त सांडायला धावणारे पाय यशयाच्या 59व्या अध्यायातले.

पौलाचा स्वतःचा आहे तो रोख. 5व्या आणि 140व्या स्तोत्रांत हे शब्द वैऱ्यांसाठी आहेत. प्रार्थना करणारा स्वतःला त्यात धरत नाही. पौलाने तेच शब्द यहुदी आणि ग्रीक अशा सगळ्यांना सरसकट लावले. शत्रूविरुद्धचे गाऱ्हाणे गाऱ्हाणे घालणाऱ्यावरच उलटले. हे धाडसच म्हणायचे.

पुढची गंमत नकलनविसांची. व्हॅटिकन हस्तलिखितासह काही जुन्या ग्रीक पोथ्यांमध्ये ही सगळी वचने 14व्या स्तोत्रातच सलग सापडतात. पौलाने जुळवलेला मजकूर कुणा ख्रिस्ती लेखनिकाने मागाहून मूळ स्तोत्रात घुसवला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गैरसमज : जन्मजात पापाचा सिद्धान्त बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातच आहे.

तिथे बागेची गोष्ट आहे, शिक्षा आहे, सिद्धान्त नाही. (सफरचंदही नाही, नुसते फळ.) सर्वांच्या पापाची आणि मरणाची आदामाशी सांगड घातली ती पौलाने. वारशाने येणारा दोष म्हणून तिची पक्की मांडणी केली ऑगस्टीनने, चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात. त्याआधी दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती विचारवंताला आदाम अजाण पोरासारखा दिसला होता. ‘दुसरे बारूख’ या प्राचीन यहुदी ग्रंथात तर ज्याचा तोच आदाम ठरतो.

गैरसमज : नव्या कराराच्या लेखकांनी जुन्या शास्त्रातून फक्त पापच उचलले.

ज्या जिभेने देवाची स्तुती करायची तिनेच देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप द्यायचा, हे याकोबाच्या पत्राला खपत नाही. ते प्रतिरूप ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायातले. माणसाचा मोठेपणा गाणारे 8वे स्तोत्र इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येते.

गैरसमज : जुना करार बाजूला ठेवूनही नवा करार कळतो.

मार्कियन या ख्रिस्ती गुरूने दुसऱ्या शतकात तसा प्रयत्न केला. त्यासाठी त्याला पौलाच्या पत्रांनाच कात्री लावावी लागली, असा आरोप त्याच्या विरोधकांनी केला. उलट फादर थॉमस स्टीफन्सचे मराठी ओव्यांतले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले, तेव्हा त्यात ख्रिस्ताची कथा होती दुसऱ्या पुराणात. पहिले पुराण सृष्टीच्या निर्मितीपासून जुन्या कराराचे होते.