पेट्रोलची गुणवत्ता व निवड

पेट्रोलची गुणवत्ता म्हणजे इंजिनाला मानवणारा ऑक्टेन अंक, ठरावीक मर्यादेतील घनता व गंधकाचे प्रमाण आणि पाणी, कचरा व भेसळ यांपासून मुक्तता या गुणांचा समुच्चय होय. भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलला भारतीय मानक ब्यूरोची मानके लागू आहेत. त्यामुळे मानकांनुसार पंपावर पोहोचलेले साधे पेट्रोल बहुतेक मोटारींना पुरेसे असते. पेट्रोल निवडताना ग्राहकाला तीन गोष्टी पाहाव्या लागतात: इंजिनाला कोणता दर्जा लागतो, मिळणारे इंधन त्या दर्जाचे आहे का आणि ते पूर्ण मापाने मिळते का.

या लेखात रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांची उदाहरणे घेतली आहेत. घाटाची खडी चढण, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारी अशा पेट्रोलाची परीक्षा पाहणाऱ्या तिन्ही परिस्थिती या परिसरात एकत्र आढळतात.

ऑक्टेन अंक

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. इंधन हलक्या प्रतीचे असल्यास मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेतो आणि इंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. यास नॉकिंग म्हणतात. हा आघात टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवली जाते. ऑक्टेन अंक हा पेट्रोलातील ऊर्जेचे माप नव्हे. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलात ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलापेक्षा अधिक ऊर्जा असतेच असे नाही.

विसाव्या शतकात ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळले जाई. ते आरोग्यास घातक असल्याने १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक बी. एस.–२ मानकात ८८ होता, बी. एस.–६ मध्ये तो ९१ झाला आणि २० टक्के इथेनॉलमिश्रणामुळे ९५ पर्यंत पोहोचला. सार्वजनिक तेल कंपन्या ९५, ९७, ९९ व १०० ऑक्टेनची पेट्रोलेही वेगवेगळ्या नावांनी, अधिक दराने विकतात.

मोटारीला कोणता अंक लागतो, हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. काही मोटारींत ते इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूसही असते. किमान ९१ ऑक्टेन पुरेसे आहे असे तेथे म्हटले असेल, तर साधे पेट्रोल योग्य ठरते. टर्बोचार्जर असलेल्या किंवा उच्च दाबगुणोत्तराच्या इंजिनांसाठी उत्पादकाने अधिक अंक सांगितला असल्यास तो पाळणे आवश्यक असते. तशी अट नसताना महाग पेट्रोल भरल्याने शक्ती किंवा मायलेज यांत लक्षणीय वाढ होत नाही. काही महाग पेट्रोलांत इंजिनातील काजळी कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांचा उपयोग हा ऑक्टेनपेक्षा वेगळा आहे आणि तो तसाच तोलून पाहावा.

गंधक आणि भारत स्टेज मानके

पेट्रोलातील गंधक जळून हानिकारक वायू तयार होतात आणि धूर शुद्ध करणारे उत्प्रेरकी उपकरण निकामी होऊ लागते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बी. एस.–४ मानकात गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० भाग होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस.–६ मानकात ती १० भागांवर आली. हे मानक सर्वत्र सारखेच असल्याने, द्रुतगती मार्गावरील मोठ्या पंपाचे पेट्रोल आणि कर्जत–मुरबाड रस्त्यावरील लहान पंपाचे पेट्रोल यांच्या मूळ दर्जात फरक नसतो. फरक पडतो तो वाहतुकीत, साठवणुकीत आणि पंपाच्या व्यवहारात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याच्या भारतातील प्रायोगिक प्रकल्पांपैकी दोन २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड येथे झाले. २००३ मध्ये ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाला. देशाने २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला. उसापासून आणि धान्यापासून मिळणाऱ्या इथेनॉलमुळे तेलाची आयात काही प्रमाणात घटते व ऑक्टेन वाढतो. परंतु एक लिटर इथेनॉलात पेट्रोलाच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, मूळ शुद्ध पेट्रोलासाठी घडवलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. १० टक्के मिश्रणासाठी घडवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्के असते. जुन्या मोटारींतील काही रबरी नळ्या व सांधे इथेनॉलामुळे लवकर झिजू शकतात, म्हणून त्यांची नियमित तपासणी करावी लागते.

इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून राहते. मर्यादेपेक्षा अधिक झाल्यास मात्र पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर तयार होतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्यामुळे कमी होतो, आणि तळाचा थर इंजिनात गेल्यास मोटार अडखळते किंवा बंद पडते.

भेसळ

पेट्रोलात रॉकेल, नॅफ्था किंवा औद्योगिक विद्रावके मिसळण्याचे प्रकार त्यांच्या किमतीतील तफावतीमुळे घडत आले आहेत. शिधापत्रिकेवरील रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यास निळा रंग दिला जातो. रॉकेल पेट्रोलापेक्षा जड असून त्याचा ऑक्टेन अंक फार कमी असतो. त्याच्या भेसळीने नॉकिंग वाढते, काजळी साचते आणि धूर अधिक निघतो.

या गुन्ह्याची सर्वांत दारुण आठवण महाराष्ट्रातीलच आहे. २५ जानेवारी २०११ रोजी नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी परिसरात, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनभेसळीचा प्रकार रोखताना जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी छापे घालण्यात आले. भेसळीविरुद्ध अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ आणि त्याखालील २००५ चा पेट्रोल–डिझेल पुरवठा व गैरव्यवहार प्रतिबंध आदेश यांनुसार कारवाई होते.

पंपावरील तपासणी

*गाळणकागद चाचणी.* स्वच्छ केलेल्या नळीच्या तोंडातून पेट्रोलचा एक थेंब गाळणकागदावर टाकला जातो. शुद्ध पेट्रोल साधारण दोन मिनिटांत उडून जाते व डाग राहत नाही. गडद डाग राहिल्यास भेसळीचा संशय घेता येतो. ग्राहकाने मागितल्यास ही चाचणी करून दाखवणे पंपावर बंधनकारक आहे.

*घनता चाचणी.* १५ अंश सेल्सिअस तापमानाला पेट्रोलची घनता घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोग्रॅम असावी लागते. टँकरबरोबर आलेल्या कागदपत्रावर घनता नमूद असते आणि पंपावर ती रोज मोजून नोंदवली जाते. तापमान वाढले की घनता घटते. प्रत्येक अंशामागे ही घट साधारण ०.८ ते ०.९ किलोग्रॅम असते. उदाहरणार्थ, ३० अंशांवर घनतामापकाने ७३५ दाखवले, तर १५ अंशांवर ती सुमारे ७४८ ठरते. हे रूपांतर पंपावरील तक्त्यावरून करतात. नोंदवलेल्या घनतेशी ३ किलोग्रॅमपेक्षा अधिक फरक आल्यास इंधन संशयास्पद मानले जाते.

या चाचणीला मर्यादा आहे. जड रॉकेल आणि हलका नॅफ्था एकत्र मिसळल्यास घनता मर्यादेत राहू शकते. त्यामुळे घनता जुळली म्हणजे पेट्रोल शुद्धच आहे असे सिद्ध होत नाही. अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीनेच होतो.

*माप.* प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र यंत्रणेने प्रमाणित केलेले ५ लिटरचे माप असते आणि ग्राहक त्यात पेट्रोल मोजून मागू शकतो. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातील अनेक पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात फेरफार करून कमी पेट्रोल देण्याचे प्रकार उघडकीस आले. यंत्रावर शून्य पाहण्याची सवय चांगलीच. परंतु अशा फेरफारापुढे ती अपुरी पडते. तेथे ५ लिटरचे मापच उपयोगी पडते.

कर्जत व खालापूर परिसर

खालापूर तालुक्यातून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग व जुना महामार्ग जातो. खोपोलीहून बोरघाटाने लोणावळ्याकडे जाताना मोटार सुमारे ५५० मीटर उंची चढते. कर्जत तालुक्यात नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट याहून अरुंद व अधिक उभा आहे. भरलेल्या मोटारीने अशी चढण चढताना इंजिनावरील भार वाढतो आणि नॉकिंगची शक्यताही वाढते. नेहमीच्या मोटारीत, नेहमीच्या चढणीवर, नव्याने पेट्रोल भरल्यानंतर प्रथमच खडखडाट ऐकू आला, तर इंधनाविषयी शंका घेण्यास आधार मिळतो. वरच्या गिअरमध्ये मोटार ओढत नेल्यानेही हाच आवाज येतो, म्हणून आधी गिअर उतरवून पाहावा.

पावसाळ्यात हा परिसर अतिवृष्टीचा असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीच्या खोऱ्याला मोठा फटका बसला. जुलै २०२१ मध्येही कर्जत परिसरात पुराचे पाणी शिरले. पंपांच्या साठवण टाक्या जमिनीखाली असल्याने झाकण किंवा सांधे सदोष असल्यास त्यांत पाणी उतरू शकते. पाण्याच्या स्पर्शाने रंग बदलणारा लेप मोजपट्टीला लावून टाकीतील पाण्याची पातळी तपासली जाते. पूर ओसरल्यानंतर पहिल्या काही दिवसांत ही तपासणी झाली आहे का, असे विचारणे ग्राहकाच्या हिताचे असते.

कर्जत भागात मुंबईकरांची व पुणेकरांची अनेक फार्महाऊस असून तेथील काही मोटारी आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. साठून राहिलेल्या पेट्रोलातील हलके घटक उडून जातात, उरलेल्यात हळूहळू चिकट साका तयार होतो आणि अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेतील बाष्प शिरते. अशा मोटारीची टाकी पावसाळ्यापूर्वी भरून ठेवणे आणि मोटार अधूनमधून पुरेसे अंतर चालवणे हितावह असते.

प्रचलित समजुती

* *पहाटे पेट्रोल अधिक मिळते.* भूमिगत टाकीतील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही, त्यामुळे फरक नगण्य असतो.
* *१०० ऐवजी ११० रुपयांचे भरल्यास फसवणूक टळते.* यंत्राचे मोजमापच सदोष असल्यास कोणत्याही रकमेत कमी पेट्रोल मिळते.
* *रंग गडद असल्यास पेट्रोल चांगले.* रंग वेगळा दिसावा म्हणून घातलेला असू शकतो. त्यावरून गुणवत्ता ठरत नाही.

तक्रार

संशय आल्यास पावती जपून ठेवावी आणि तारीख, वेळ व यंत्राचा क्रमांक टिपून घ्यावा. पंपावरील तक्रार पुस्तिकेत नोंद करता येते. मापाची तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे, भेसळीची तक्रार संबंधित तेल कंपनीकडे किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे करतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. घरी बाटलीत काढून ठेवलेला नमुना पुरावा म्हणून टिकणे कठीण असते आणि तो बाळगणे धोक्याचेही असते. अधिकृत अधिकाऱ्याने पंपावरून घेऊन मोहोरबंद केलेला नमुनाच तपासणीसाठी ग्राह्य धरला जातो, म्हणून तक्रार जितकी लवकर तितकी ती उपयोगी ठरते.

हे सुद्धा पहा

* पेट्रोल
* इथेनॉल
* भारत स्टेज उत्सर्जन मानके
* बोरघाट
* कर्जत तालुका
* खालापूर तालुका