मार्क विज्ञानात, जीव नाटकात

मंडळी, दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या घरांतून आपल्याला हमखास ऐकू येतं: पोरीला मार्क विज्ञानात, जीव मात्र नाटकात, काय निवडायचं? पण मार्कांवरून तिची क्षमता कळते, ओढ नाही. आणि दोन्हींचा निर्णय एकाच वर्षी का लागावा?

साताऱ्यात जन्मलेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन झाले. नाटक कॉलेजपासूनच चालू होतं. पूर्णवेळ नट झाले ते 1969 मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी, ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. ते लिहिणारे वसंत कानेटकर मूळ रहिमतपूरचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डनमध्ये. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ त्यांनी नाशिकला प्राध्यापकी करता करताच लिहिलं.

हा दाखला सरसकट लावू नका हं. लेखन थांबून राहतं एखादवेळ. तबल्यावरचा हात थांबत नाही. म्हणून सायन्स घेतलं तरी ‘बारावीपर्यंत ते सगळं बंद’ असं आपण म्हणू नये. रोजचा अर्धा तास राखून ठेवावा. वर्षभराने बघा: तो अर्धा तास तिने स्वतःच वाढवलाय, की आपल्यालाच आठवण करून द्यावी लागतेय?