डबल बीचा वेल काठी कशी शोधतो?

परसबागेत लावलेला डबल बीचा, म्हणजेच लिमा घेवड्याचा, वेल शेजारच्या काठीला थोड्याच दिवसांत विळखा घालतो. डोळे नसलेल्या वेलाला ती काठी सापडते कशी, असा प्रश्न त्यामुळे पडतो. वस्तुतः वेल काठी हेरत नाही, तर अंधारात माणसाने हात फिरवून भिंत चाचपावी, तसा त्याचा कोवळा शेंडा हवेत सावकाश गोल फिरत राहतो. शेंड्याखालच्या खोडाची एक बाजू दुसरीपेक्षा वेगाने वाढल्याने शेंडा कमी वाढलेल्या बाजूकडे झुकतो, आणि वाढीचा हा जोर क्रमाने खोडाभोवती सरकत असल्यामुळे झुकण्याची दिशाही बदलत जाते. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये वेलींच्या अशा हालचालींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवताना मध्ये खांब आल्यास दोरी त्याभोवती गुंडाळली जाते, त्याचप्रमाणे काठीला अडलेला वेल वरच्या मोकळ्या भागाने फिरत राहून तिला वेढे घालतो.

म्हणूनच काठी बारीक, खडबडीत आणि रोपाच्या निकट असावी, कारण फार जाड खांबाला शेंड्याचा वेढा पुरत नाही. शिवाय ती बी पेरतानाच रोवल्यास मुळांना पुढे इजा होत नाही. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पुरवत असल्याने नत्रखताचा अतिरेक टाळावा, अन्यथा पाने माजतात आणि शेंगा कमी धरतात. बुटक्या, झुडूपवजा जातींना मात्र अशा आधाराची फारशी गरज भासत नाही.