धूर दिसेनासा झाला, पण संपला का?
हायब्रिड गाडी घेण्याआधी घरात मांडायचा हिशेब

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या भिगवणमध्ये गाड्यांची वर्दळ कधी थांबत नाही. उजनीची मासळी नेणारे टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला येणाऱ्यांच्या कार आणि दवाखान्यासाठी किंवा निकाहसाठी पुण्याकडे निघालेली आपली कुटुंबे, सगळ्यांचा रस्ता एकच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर डिझेल जीपच्या मागे अडकले की डोळे चुरचुरायचे, पांढऱ्या कुर्त्यावर काजळी बसायची. आज नव्या कारचा धूर डोळ्यांना दिसतही नाही. तरीही लोक हायब्रिडची चौकशी करू लागले आहेत. का, ते पाहू.

नियम कडक झाले

१ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसे मिसळलेल्या पेट्रोलची विक्री बंद झाली. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, म्हणून हा निर्णय मोठा होता. त्याच वर्षी कारच्या धुरासाठी युरोपच्या धर्तीवरचे पहिले निकष देशभर लागू झाले. पुढे बीएस-३ हे निकष २०१० मध्ये आणि बीएस-४ हे १ एप्रिल २०१७ पासून सर्वत्र आले. मग पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू झाले.

फरक आकड्यांत पाहा. २००० च्या निकषानुसार डिझेल कारला किलोमीटरमागे १४० मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती फक्त ४.५ मिलिग्रॅम आहे. फुप्फुसांना त्रास देणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची डिझेल कारसाठीची मर्यादा बीएस-४ मधील २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. इंधनातले गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. दम्याचे रुग्ण आणि लहान मुले असलेल्या घरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

जो धूर दिसत नाही

बीएस निकष विषारी घटकांना आळा घालतात. कार्बन डायऑक्साइडची मर्यादा मात्र त्यांत नाही. हा वायू थेट जळालेल्या इंधनाच्या प्रमाणात निघतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो, एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो. गाडी कितीही नवी असली तरी हा हिशेब चुकत नाही. पृथ्वीचे तापमान वाढवणारा हा वायू कमी करायचा, तर इंधनच कमी जाळावे लागते. हायब्रिडचे काम नेमके इथे आहे.

हायब्रिड म्हणजे काय?

या गाडीत पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर आणि बॅटरी असते. ब्रेक दाबल्यावर एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते आणि कमी वेगात गाडी नुसत्या मोटरवर चालते. या गाड्यांना प्लग लावून चार्ज करावे लागत नाही. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ मध्ये आली. आपल्याकडे होंडा सिटी, मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्त्या २०२२ मध्ये आल्या आणि हा विषय मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचला.

शोरूममध्ये एक प्रश्न जरूर विचारा: माइल्ड की स्ट्राँग? माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, ती एकटी गाडी ओढत नाही. वर सांगितलेली मोठी बचत स्ट्राँग हायब्रिडमध्ये होते. दोन्हींवर ‘हायब्रिड’ हाच शब्द लिहिलेला असतो, म्हणून फसगत होऊ शकते.

आपल्या रस्त्यावरचे गणित

हायब्रिडचा खरा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत मिळतो. हडपसरच्या कोंडीत रोज अडकणाऱ्याला तो जास्त मिळेल. भिगवणहून महामार्गाने एका वेगात जाणाऱ्याला ब्रेक कमी लागतात, त्यामुळे बचतही कमी होते.

समजा, साध्या गाडीचे ॲव्हरेज १५ आणि हायब्रिडचे २२ आहे. महिन्याला १,००० किलोमीटर चालवल्यास सुमारे २१ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०० रुपये धरले तर बचत २,१०० रुपये. हायब्रिड अडीच लाखांनी महाग असेल, तर ती रक्कम भरून निघायला जवळजवळ दहा वर्षे लागतील. महिन्याला २,००० किलोमीटर फिरणाऱ्याची मात्र पाच वर्षांत वसूल होईल. व्याजाचे कर्ज नको म्हणून रोखीने गाडी घेणाऱ्या घरांनी तर हा हिशेब आधीच करावा. वरचे अडीच लाख हाताशी आहेत का, की त्यासाठी मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडावे लागणार?

कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज प्रयोगशाळेतले असते, रस्त्यावर ते कमी भरते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडच्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज थोडे उतरते. बॅटरीची हमीही लेखी पाहून घ्या. काही कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात.

गाडी जुनीच असेल तर?

नवी गाडी घेणे सगळ्यांना जमत नाही आणि तशी घाईही नको. जुन्या गाडीचाही धूर कमी करता येतो. पीयूसी वेळेवर काढा आणि ती खरी तपासणी करून काढा, पैसे देऊन नुसता कागद आणू नका. एअर फिल्टर बदला, टायरमधली हवा पंधरा दिवसांनी पाहा. शाळेच्या फाटकासमोर मुलांची वाट पाहताना इंजिन बंद ठेवा, कारण तो धूर आधी त्यांच्याच नाकात जातो. ईदला एकाच गावी निघालेल्या दोन घरांनी एकच गाडी काढली, तर इस्राफही टळतो आणि प्रवासही गप्पांत सरतो.

हायब्रिड चांगली आहे, पण ती ज्याचा रोजचा रस्ता गर्दीचा आणि फिरणे जास्त, त्याच्यासाठी. शेजाऱ्याने घेतली म्हणून नव्हे, तर आपले महिन्याचे किलोमीटर वहीत लिहून मग शोरूमची पायरी चढा.