पी-व्हॅल्यू नेमकी कशाची शक्यता सांगते?

‘कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू टेबल व्हॅल्यूपेक्षा जास्त, म्हणून एच-नॉट रिजेक्ट.’ बीएस्सीच्या पेपरात गणित इथवर आलं की मार्क मिळतात. या वाक्याचा साध्या मराठीत अर्थ काय, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलं, तर शिकवणाऱ्यांचीही पंचाईत होते. जर्मनीतल्या हॅलर आणि क्राउस या संशोधकांची एक पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा विद्यापीठांतल्या मानसशास्त्राच्या लोकांपुढे त्यांनी एका टी-टेस्टचा निकाल ठेवला आणि खाली त्याचे सहा अर्थ दिले. सहाही चुकीचे होते. ४४ विद्यार्थ्यांपैकी एकही जण सहाही अर्थ नाकारू शकला नाही, आणि त्यांना संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांनी निदान एका चुकीच्या अर्थावर बरोबरची खूण केली.

सूत्रं पाठ होतात, आकडेमोड कॅल्क्युलेटर करतो. हातात आलेला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, तिथे मात्र घोटाळा होतो.

गैरसमज : पी ०.०३ आली, म्हणजे शून्य परिकल्पना (एच-नॉट) खरी असण्याची शक्यता ३ टक्के.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रातल्या एका बाईंचा दावा होता की, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे त्या चवीवरून ओळखतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर आधारलेला प्रयोग १९३५ च्या आपल्या पुस्तकात मांडला. आठ कप, चार एका पद्धतीचे, चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग होतात. बाईंना काहीच ओळखता येत नसेल, तरी निव्वळ अंदाजाने सगळे कप बरोबर येण्याची शक्यता ७० त १, म्हणजे ०.०१४.

हा आकडा काढताना आपण ‘बाईंना ओळखता येत नाही’ ही शून्य परिकल्पना धरूनच चाललो. जे खरं मानून हिशेब केला, तेच खरं असण्याची शक्यता त्या हिशेबातून कशी निघेल? पी-व्हॅल्यू इतकंच सांगते : शून्य परिकल्पना खरी असती, तर एवढा किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसला असता.

या दोन शक्यतांमध्ये केवढी तफावत पडू शकते, ते हिशेबानेच पाहू. समजा एखाद्या क्षेत्रात १,००० कल्पना तपासल्या आणि त्यांपैकी १०० मध्ये खरोखर तथ्य आहे. चाचणी या १०० पैकी ८० पकडते. उरलेल्या ९०० पोकळ कल्पनांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, केवळ योगायोगाने ०.०५ या नेहमीच्या रेषेच्या आत येतात. ‘सिग्निफिकंट’ निकाल झाले १२५, त्यांपैकी पोकळ ४५, म्हणजे ३६ टक्के. पाच नव्हे, छत्तीस! आणि मुळातल्या हजारांत तथ्य असलेल्या कल्पना किती, हे पी-व्हॅल्यूला ठाऊकच नसतं.

परिकल्पना खरी असण्याची शक्यताच हवी असेल, तर वाट वेगळी आहे, बेजच्या सिद्धांताची. केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीज हे या वाटेचे मोठे पुरस्कर्ते. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी त्यांच्याच हाताखाली संशोधन केलं आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. तरीही आपल्याकडे पहिल्यावहिल्या अभ्यासक्रमात बेज बहुधा संभाव्यतेच्या धड्यात एका सूत्रापुरता भेटतो आणि अनुमानाच्या धड्यात गायब होतो, हे मला विचित्र वाटतं.

गैरसमज : ०.०५ ही शास्त्राने ठरवून दिलेली रेषा आहे.

ती सोयीची रेषा आहे. फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात तसंच म्हटलं होतं : सरासरीपासून साधारण दोन प्रमाण विचलनांच्या पलीकडे गेलेली गोष्ट लक्ष देण्याजोगी मानणं सोयीचं पडतं. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच ठणकावलं की, दर वर्षी आणि दर परिस्थितीत एकच पातळी धरून परिकल्पना फेटाळणारा शास्त्रज्ञ नसतोच. तोवर रेषा पाठ्यपुस्तकांत पक्की झाली होती.

पाठ्यपुस्तकांनी आणखी एक उद्योग केला. फिशर यांच्या लेखी पी-व्हॅल्यू हा पुराव्याचा अंदाज होता. येझी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये मांडली ती निर्णयाची पद्धत : दोन प्रकारच्या चुका किती वेळा चालतील हे आधी ठरवा, मग नियमानुसार स्वीकारा किंवा फेटाळा. फिशर आणि नेमन यांचं पुढे कधीच पटलं नाही. विद्यार्थ्याच्या वहीत मात्र दोघे एकाच पानावर नांदतात. वर फिशरची पी-व्हॅल्यू, खाली नेमनची टाइप-वन आणि टाइप-टू एरर, आणि हे दोन वेगळे विचार आहेत याची कुठेही नोंद नाही. मुलांचा गोंधळ होतो यात त्यांचा दोष कमीच. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये खास निवेदन काढून सांगावं लागलं की, केवळ पी-व्हॅल्यूने एखादी रेषा ओलांडली म्हणून शास्त्रीय निष्कर्ष किंवा धोरणं ठरवू नयेत.

गैरसमज : निकाल सिग्निफिकंट नाही, म्हणजे फरक नाही.

एक नाणं खोटं आहे, ६० टक्के वेळा छापा पडतो. तुम्हाला हे माहीत नाही आणि तुम्ही ते २० वेळा उडवता. पाच टक्के पातळीवर दोन्ही बाजूंची चाचणी लावली, तर १५ किंवा अधिक, अथवा ५ किंवा कमी छापे पडले तरच एच-नॉट रिजेक्ट होते. या नाण्याच्या बाबतीत तसं होण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के. म्हणजे शंभर विद्यार्थ्यांना हेच नाणं दिलं, तर सरासरी सत्त्याऐंशी जण ‘फरक आढळला नाही’ असं जर्नलमध्ये लिहितील. तेवढं खरंच आहे. त्यापुढे ‘नाणं खरं आहे’ असं लिहिलं की चूक होते. चाचणीचं सामर्थ्य, ज्याला पॉवर म्हणतात, ते काढल्याशिवाय या ‘नाही’ला वजन नसतं.

उलट टोकाला, नमुना प्रचंड असेल तर क्षुल्लक फरकही सिग्निफिकंट ठरतो. एक-एक लाख विद्यार्थ्यांचे दोन गट, शंभर मार्कांचा पेपर, प्रमाण विचलन १५. सरासरीत ०.२ मार्कांचा फरक असला, तरी पी ०.००३ च्या आसपास येते. ०.२ मार्कांसाठी शिकवण्याची पद्धत कोणी बदलेल का? फरक किती मोठा, हा प्रश्न वेगळाच विचारावा लागतो.

गैरसमज : ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरी सरासरी त्यात असण्याची शक्यता ९५ टक्के.

एका नमुन्यावरून सरासरी उंचीचा इंटरव्हल १५८ ते १६४ सेंटिमीटर आला. नेमन यांच्या १९३७ च्या मांडणीत खरी सरासरी ही ठाम संख्या आहे. ती या इंटरव्हलमध्ये आहे किंवा नाही. ९५ टक्के हे विशेषण पद्धतीचं : असेच नमुने पुनःपुन्हा घेऊन दर वेळी इंटरव्हल काढला, तर ९५ टक्के इंटरव्हल खऱ्या सरासरीला पकडतील. नवशिक्यांचा आणखी एक आवडता अर्थ असतो, ‘९५ टक्के लोकांची उंची १५८ ते १६४’. तो तर सरळच चूक, कारण इंटरव्हल सरासरीचा आहे, माणसांचा नाही. प्रमाण विचलन (माणसामाणसांतला चढउतार) आणि प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातला चढउतार) यांची गल्लत झाली की हे होतं. ‘नमुना ३० च्या वर गेला की डेटा नॉर्मल होतो’ हाही त्याच जातीचा समज. तीस काय, तीस हजार पगार गोळा केले तरी त्यांचं वितरण एका बाजूला लांबलेलंच राहील. नॉर्मलकडे झुकतं ते नमुन्यांच्या सरासरीचं वितरण, आणि आकडे फार विषम असतील तर त्यालाही तीस पुरत नाहीत.

गैरसमज : लोकसंख्या मोठी, तर नमुनाही त्या प्रमाणात मोठा हवा, आणि मोठा नमुना म्हणजे खात्रीचा नमुना.

शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे, हे कोणी विचारत नाही. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,००० जणांवरून टक्केवारीचा अंदाज साधारण ३ टक्के मागेपुढे येतो, मग शहर सांगली असो की सगळा देश. प्रश्न शीत कुठून उचललं याचा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या पाहण्यांत हेच दाखवलं. शेतात यादृच्छिक जागी छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पाहण्यांत छोटे तुकडे वापरले जात. सुखात्मे यांना आढळलं की, तुकडा फार छोटा असला तर उत्पादन जास्त येतं. कडेवरचं रोप आत की बाहेर हे ठरवताना कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो, आणि तुकडा जितका लहान तितका क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा वाटा मोठा. १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडलं आणि तुकड्याच्या आकाराचा वाद पुढे बराच रंगला.

असे तुकडे शंभराऐवजी दहा हजार घेतले तर प्रमाण त्रुटी दहापटीने घटेल आणि इंटरव्हल अरुंद होईल, पण फुगलेल्या आकड्याभोवतीच. प्रमाण त्रुटीचं सूत्र फक्त योगायोगाने होणारा चढउतार मोजतं. कापणाऱ्याचा कल मोजायचा तर मोठ्या तुकड्यांशी किंवा अख्ख्या शेताच्या कापणीशी ताडून पाहावं लागतं, आणि सुखात्मे यांनी तेच केलं होतं.